बबूनची टोळी, माणसाचा मेंदू आणि आपले घर

गेल्या मार्च महिन्यातील गोष्ट आहे. वर्षअखेर म्हणजे कारकुनाची खरी परीक्षा. एका देयकाची नोंद भलत्याच शीर्षाखाली पडली होती. चूक आमची नव्हती. पण कागद आमच्या टेबलावर होता. साहेबांनी वीस माणसांसमोर फाईल आपटली आणि तोंडाला येईल ते बोलून घेतले. आम्ही मान खाली घालून उभे राहिलो. उलट एक शब्द बोललो नाही. नोकरी आहे, घराचे हप्ते आहेत, बोलणार काय?

संध्याकाळी घरी आलो. मुलगी नववीत आहे. जेवताना तिने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी दीडशे रुपये मागितले. दीडशे रुपये ही काही डोंगराएवढी रक्कम नव्हे. परंतु आम्ही तिच्यावर असे काही ओरडलो, की पोरीने हातातला घास ताटात ठेवला आणि ती उठून गेली. घरात शांतता पसरली. थोड्या वेळाने सौ. हळूच म्हणाल्या, "अहो, साहेबांचा राग साहेबांच्या टेबलावर ठेवून यायचा. तो पोरीच्या ताटात कशाला वाढता?"

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. समाजात वावरतो, सभांमध्ये चार शब्द बोलतो, दुसऱ्यांची भांडणे सोडवतो. आणि स्वतःच्या घरात असे का वागतो? सकाळी उठून मुलीची माफी मागितली, पैसेही दिले. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

पुढच्या रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाशी हा विषय निघाला. त्याने एक इंग्रजी पुस्तक आमच्या हातात ठेवले. नाव मोठे गमतीदार, 'व्हाय झीब्राज डोन्ट गेट अल्सर्स'. म्हणजे झेब्र्याला पोटात व्रण का होत नाहीत! लेखक रॉबर्ट सापोल्स्की. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले, शेजारी शब्दकोश ठेवून ते पुस्तक वाचायला दोन महिने लागले. पण वाचून संपले तेव्हा वाटले, की ही माहिती फक्त इंग्रजी वाचणाऱ्यांपुरती राहता कामा नये. ज्यांच्या घरात रोज कोणी ना कोणी कामावरून अपमान गिळून येतो, त्यांनी तर ती अवश्य वाचली पाहिजे. म्हणून हा लेखनप्रपंच.

गोरिला व्हायचे होते ते पोर

सापोल्स्की यांचा जन्म १९५७ साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात झाला. त्यांचे कुटुंब रशियाकडून स्थलांतर करून आलेले. न्यूयॉर्कमध्ये निसर्गविज्ञानाचे एक मोठे संग्रहालय आहे. तेथे आफ्रिकेतील पहाडी गोरिलांचा देखावा मांडलेला आहे. लहानगा रॉबर्ट त्या काचेसमोर तासन् तास उभा राही. इतर मुलांना पोलीस व्हायचे असते, इंजिनचालक व्हायचे असते. याला गोरिला व्हायचे होते! बारा-तेरा वर्षांचा असताना तो वानरांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना पत्रे लिहू लागला. शाळेत असतानाच त्याने पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषा शिकायला घेतली, कारण एक दिवस तिकडे जायचेच हे त्याने ठरवून टाकले होते.

१९७८ साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन हा तरुण खरोखरच केनियाला पोहोचला. गोरिलांऐवजी त्याच्या वाट्याला बबून माकडे आली. पुढे सुमारे तीन दशके जवळजवळ दर उन्हाळ्यात मसाई मारा अभयारण्यात तंबू ठोकून त्याने त्याच माकडांचा अभ्यास केला. वर्षातील उरलेला काळ प्रयोगशाळेत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्युएन या शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी मेंदू आणि संप्रेरके यांवर डॉक्टरेट केली आणि नंतर कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. संप्रेरके म्हणजे शरीरातील ग्रंथींतून रक्तात सुटणारी रसायने. एका जागेचा निरोप ती दुसऱ्या जागी पोहोचवतात. जणू शरीरातले शिपाईच.

परंतु सापोल्स्की प्रयोगशाळेत बंद होऊन बसले नाहीत. आपले आणि इतरांचे संशोधन सामान्य माणसाला कळेल, वाचता वाचता हसू येईल अशा भाषेत त्यांनी लिहिले. झेब्र्याचे पुस्तक १९९४ चे. २००१ साली त्यांनी आफ्रिकेतील दिवसांच्या आठवणी लिहिल्या. २०१७ साली 'बिहेव' हा जाडजूड ग्रंथ आला. माणूस चांगले का वागतो आणि वाईट का वागतो, याचा शोध त्यात आहे. स्टॅनफर्डमधील त्यांच्या वर्गाची व्याख्याने चित्रफितींतून जगभर लाखो लोकांनी फुकट पाहिली. विद्वान माणसाने ज्ञान आपल्या कपाटात कुलूप लावून न ठेवता चारचौघांत वाटावे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

फुंकनळी आणि रक्ताचा नमुना

बबून हे दांडगे माकड. ते जमिनीवर टोळी करून राहते. पन्नास-साठांपासून शंभर-दीडशेपर्यंत जनावरे एका टोळीत असतात. मसाई माराच्या प्रदेशात खाणे भरपूर. दिवसातील तीन-चार तासांत पोट भरते. मग उरलेल्या वेळात करायचे काय? तर एकमेकांना छळायचे! सापोल्स्की यांचे म्हणणे असे, की सिंहांपेक्षा या माकडांना जास्त ताप होतो तो आपल्याच भाईबंदांचा. म्हणूनच माणसाच्या तणावाचा अभ्यास करायला हे जनावर सोयीचे.

टोळीत प्रत्येकाची पायरी ठरलेली असते. नरांची पायरी मारामारीने आणि डावपेचांनी ठरते; आज वर असलेला उद्या खाली येतो. माद्यांचे मात्र तसे नाही. मादीला तिच्या आईच्या खालोखालची पायरी जन्मतःच मिळते आणि बहुधा जन्मभर तीच राहते. जन्मावरून दर्जा ठरणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु ही पद्धत जनावरांची आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

सापोल्स्की यांना पाहायचे होते, की पायरीचा शरीरावर काय परिणाम होतो. त्यासाठी रक्त हवे. जंगली माकडाचे रक्त काढायचे कसे? त्यांनी फुंकनळी घेतली. त्यात गुंगीच्या औषधाची सुई घालून ती माकडाच्या पार्श्वभागावर फुंकायची. ऐकायला सोपे वाटते, पण अटी फार कडक. माकडाला आपण येतो आहोत हे कळता कामा नये. कळले तर ते घाबरणार आणि रक्तातील संप्रेरके लगेच बदलणार. ते आजारी नको, त्या दिवशी भांडलेले नको, जखमी नको. वेळही रोज तीच हवी, कारण दिवसाच्या वेळेप्रमाणे ही रसायने कमी-जास्त होतात. गुंगी आली की काही मिनिटांत रक्त काढायचे. शिवाय दुसऱ्या माकडांसमोर त्याला पाडायचे नाही, नाहीतर ती त्याच्यावर तुटून पडतील. एका नमुन्यासाठी दिवसभर मागे मागे हिंडावे लागे. विज्ञान म्हणजे केवळ हुशारी नव्हे, चिकाटीही हवी, हे आपल्या मुलांनी यातून शिकावे.

तीन मिनिटांचे संकट आणि तीस वर्षांची काळजी

आता झेब्र्याच्या गोष्टीकडे येऊ. झेब्र्यामागे सिंह लागला, की मेंदूतून निरोप सुटतो. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी कामाला लागतात. ॲड्रिनलीन आणि कॉर्टिसॉल यांसारखी संप्रेरके रक्तात येतात. साठवलेली साखर स्नायूंकडे धावते. हृदय जोरात ठोके देते, रक्तदाब वाढतो. त्याच वेळी जे काम उद्यावर ढकलता येईल ते शरीर थांबवते. अन्न पचवणे बंद, वाढ बंद, झीज भरून काढणे बंद. घराला आग लागली असताना कोणी भिंतींना रंग देत बसत नाही, तसेच हे.

दोन-तीन मिनिटांत निकाल लागतो. एक तर झेब्रा सुटतो किंवा संपतो. सुटला तर थोड्या वेळाने पुन्हा गवत खाऊ लागतो. उद्याच्या सिंहाची काळजी करीत तो रात्र काढीत नाही.

माणसाचे काय? आपल्या मागे सिंह नसतो; पण घरमालक असतो, कर्जाचा हप्ता असतो, कंत्राट संपण्याची तारीख असते, रात्री दहा वाजता मोबाईलवर येणारा साहेबांचा निरोप असतो. शरीराला फरक कळत नाही. ते सिंह मागे लागल्यासारखीच यंत्रणा चालू करते आणि ती महिनोन् महिने, वर्षानुवर्षे चालूच राहते. तीन मिनिटांसाठी जे वरदान, ते तीस वर्षे चालले की विष होते. रक्तदाब कायमचा चढतो. मधुमेहाकडे शरीर झुकते. पोट बिघडते, झोप जाते, रोगाशी लढण्याची ताकद कमी होते. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, तो आठवणी साठवण्याचे काम करतो. तणावाची संप्रेरके या भागाला चिकटतात हे मॅक्युएन यांनी १९६८ साली उंदरांमध्ये दाखवले होते. ती दीर्घकाळ जास्त राहिली तर तेथील पेशींना इजा पोहोचते, हे सापोल्स्की आणि इतरांनी जनावरांवरील प्रयोगांतून पुढे आणले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पोटातील व्रण केवळ चिंतेने होतात, असे पूर्वी डॉक्टर मानीत. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिले, की बहुतेक व्रणांच्या मागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. त्याबद्दल त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सापोल्स्की यांनी आपल्या पुस्तकात ही गोष्ट लपवली नाही. उलट सांगितले, की जंतू आणि तणाव दोघे मिळून काम करतात. जंतू जखम करतो आणि तणावाने थकलेले शरीर ती भरू शकत नाही. म्हणून पोट दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. 'टेन्शनमुळे होते' म्हणून अंगावर काढू नये.

खालच्या पायरीवरचे शरीर

बबूनच्या रक्तात काय दिसले? टोळी स्थिर असताना खालच्या पायरीवरच्या नरांच्या रक्तात तणावाचे संप्रेरक स्वस्थ बसलेल्या वेळीही जास्त. त्यांचा रक्तदाब वाईट, हितकारक कोलेस्टेरॉल कमी. सिंह आलेला नाही, भूक लागलेली नाही. तरीही शरीर पहारा देत बसलेले. कारण वरचा केव्हा येऊन चापट मारील, हातचे फळ हिसकावील, याचा नेम नाही.

पण वरच्यांचे नेहमीच सुखात चालते, असेही नाही. टोळीत सत्तेची उलथापालथ चालू असेल तर वरच्यांच्याच शरीरात तणाव वाढतो. केनियातीलच अंबोसेली भागात दुसऱ्या शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात अगदी पहिल्या क्रमांकाच्या नरांमध्येही तणावाचे संप्रेरक बरेच वाढलेले आढळले. खुर्ची राखण्याचीही किंमत मोजावी लागते!

हे झाले माकडांचे. माणसांचे काय? इंग्लंडमध्ये लंडनच्या सरकारी कार्यालयांतील नोकरांचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. 'व्हाइटहॉल अभ्यास' या नावाने तो ओळखला जातो. १९६७ साली तो सुरू झाला. सुमारे अठरा हजार पुरुष नोकरांची तपासणी करून पुढे त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवण्यात आली. मायकेल मार्मट या डॉक्टरांनी ते आकडे तपासले तेव्हा दिसले, की सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई, पट्टेवाले यांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते.

कोणी म्हणेल, खालचे लोक विड्या-सिगारेटी जास्त ओढत असतील. ओढत होतेच. परंतु धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सारे जमेस धरूनही बराच मोठा फरक शिल्लक राहिला. यातले कोणी उपाशी नव्हते. सर्वांना सरकारी दवाखाना मोफत होता. आणि गंमत अशी, की फरक फक्त शिपाई आणि सचिव यांच्यातच नव्हता. तो जिन्यासारखा होता. प्रत्येक पायरीवरचा माणूस आपल्या वरच्यापेक्षा थोडा अधिक आजारी. १९८५ साली स्त्रिया आणि पुरुष मिळून दहा हजारांहून अधिक नोकरांचा दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यातून असे पुढे आले, की आपल्या कामावर ज्याचा स्वतःचा ताबा कमी, त्याला हृदयविकाराचा धोका अधिक.

आम्ही स्वतः कारकून. हा भाग वाचताना पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. लंडनच्या त्या कचेऱ्यांतील जावक विभागात बसलेला माणूस आम्हाला अगदी ओळखीचा वाटला.

राग खाली का घसरतो?

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेत जे वाइस आणि इतर शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. दोन उंदरांना सारखेच विजेचे सौम्य धक्के. पण एकाला धक्क्याच्या आधी इशारा मिळे, दुसऱ्याला नाही. ज्याला इशारा मिळे त्याला पोटाचे व्रण कमी. दुसऱ्या प्रयोगात एकाला धक्का थांबवण्याची कळ दिली. त्यालाही त्रास कमी. आणखी एका प्रकारात उंदराला कुरतडायला लाकूड दिले. त्याचाही त्रास घटला. म्हणजे दुःख तेवढेच असले तरी पुढे काय होणार हे ठाऊक असणे, काहीतरी आपल्या हातात असणे आणि मनातले बाहेर काढायला वाट असणे, या तीन गोष्टींनी शरीर वाचते.

पण आणखी एक वाट होती आणि ती भयंकर आहे. धक्का बसल्यावर त्या उंदराला शेजारच्या उंदरावर तुटून पडता आले, तर त्याचाही त्रास कमी होई! बबूनच्या टोळीतही हेच. मोठ्या नराने मार खाल्ला, की तो वळून मधल्याला चावतो. मधला मादीला मारतो. मादी पिलाला झोडपते. सापोल्स्की यांनी पाहिले, की असा राग खाली काढणाऱ्या नरांच्या रक्तात तणावाचे संप्रेरक कमी असते. म्हणजे दुसऱ्याच्या पोटात व्रण करून आपले पोट वाचवायचे.

बंधूंनो, येथे जरा थांबू या. कामावर मुकादमाने अपमान केला, साहेबांनी शिवी दिली. आणि घरी येऊन बायकोवर हात उगारला, पोराला बदडले. आमच्या वस्त्यांत असे घडत नाही असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय? त्यात दारूची भर पडली तर पाहायलाच नको. मारणाऱ्याला घटकाभर हलके वाटते. पण त्या घरातील बाईचे आणि लेकरांचे शरीर त्या दिवसापासून खालच्या पायरीवरच्या बबूनसारखे रात्रंदिवस पहाऱ्यावर बसते. पावलांचा आवाज ऐकला की छाती धडधडते. आमच्या मुलीने तो घास ताटात परत ठेवला, त्या क्षणी तिच्या शरीरात काय झाले असेल, हे आता आम्हाला कळते.

लहानपणी मिळालेल्या मायेचा परिणामही किती खोल जातो पाहा. कॅनडात माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या माता तपासल्या. काही माता पिलांना भरपूर चाटतात, गोंजारतात, काही कमी. १९९७ साली त्यांनी दाखवले, की भरपूर चाटलेली पिले मोठेपणी संकटात कमी बिथरतात. मग कोणी म्हणेल, हे रक्तातच असेल. म्हणून त्यांनी पिलांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या मातेची पिले मायाळू मातेकडे दिली, तर तीही शांत झाली आणि त्यांतील माद्या पुढे स्वतः मायाळू माता झाल्या. म्हणजे रक्ताचे नव्हे, वागणुकीचे हे देणे होते.

क्षयाची साथ आणि बदललेली टोळी

आता या साऱ्या संशोधनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. सापोल्स्की ज्या टोळीचा अभ्यास करीत तिला आपण वनटोळी म्हणू. तिच्या शेजारी प्रवाशांसाठी एक विश्रामगृह होते आणि त्याच्या उकिरड्यावर उरलेसुरले अन्न पडे. शेजारची दुसरी टोळी त्या उकिरड्यावर जगत असे. वनटोळीतील काही नर रोज सकाळी तेथे जाऊन मारामारी करून अन्न पळवीत. अर्थात तेथे जाणारे सगळे दांडगे, भांडखोर नर होते.

१९८३ साली त्या उकिरड्यावर क्षयरोगी जनावराचे मांस आले आणि साथ पसरली. क्षय माणसाला हळूहळू पोखरतो, पण बबूनला तो झपाट्याने मारतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत उकिरड्यावर जाणारे वनटोळीचे सर्व नर मेले. टोळीतील जवळपास निम्मे नर संपले. उरले ते भांडणापासून दूर राहणारे नर आणि माद्या-पिले. वर्षानुवर्षे ज्यांना नावाने ओळखत होते, ती जनावरे डोळ्यांदेखत गेली. सापोल्स्की यांना एवढे दुःख झाले, की काही वर्षे त्यांनी त्या टोळीकडे जाणेच सोडले.

१९९३ साली ते पुन्हा तेथे अभ्यासाला गेले, तेव्हा चकित झाले. टोळी शांत होती. पायऱ्या होत्या, भांडणेही होती, पण बरोबरीच्यांत. वरचा उगाच खालच्याला छळत नव्हता, माद्यांवर राग काढत नव्हता. नर-मादी जवळ बसत, एकमेकांच्या केसांतील किडे-घाण वेचत. खालच्या पायरीवरच्या नरांच्या रक्तातही तो नेहमीचा वाढलेला तणाव दिसला नाही.

कोणी म्हणेल, यात नवल ते काय? भांडखोर मेले, सज्जन उरले. पण नवल पुढेच आहे. बबूनमध्ये नर वयात आला, की जन्माची टोळी सोडून दुसऱ्या टोळीत जातो. १९९३ पर्यंत साथीच्या वेळचा एकही नर टोळीत उरला नव्हता. जे होते ते सारे बाहेरून, नेहमीच्या भांडखोर टोळ्यांतून आलेले! तरीही टोळीची शांत रीत टिकून राहिली होती. बाहेरून आलेले नर येथे येऊन बदलले होते.

कसे बदलले? सापोल्स्की आणि त्यांच्या पत्नी लिसा शेअर यांनी २००४ साली हे संशोधन प्रसिद्ध केले. त्यांना असे दिसले, की इतर टोळ्यांत नवख्या नराला माद्या महिनोन् महिने जवळ करीत नाहीत. येथील माद्या मात्र तीन आठवड्यांच्या आतच त्याच्या जवळ जाऊ लागत. मार खाण्याचे भय नसल्यामुळे त्या स्वतः निर्धास्त होत्या. आणि नवख्याला चांगली वागणूक मिळाली, की तोही निवळे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कोणी भाषण दिले नाही, कोणी शिक्षा केली नाही. रीत बदलली आणि माणसे, चुकलो, माकडे बदलली!

ज्या प्राण्याचे नाव शास्त्रज्ञ जन्मजात भांडखोरपणाचे उदाहरण म्हणून घेत, त्याचीच ही कथा आहे. 'स्वभावाला औषध नाही', 'हे असेच चालायचे' असे म्हणणाऱ्यांनी ही टोळी आठवावी.

आपण काय करावे?

तथापि एक सावधगिरी हवी. माकडात दिसले म्हणजे माणसात तसेच्या तसे असते, असे सापोल्स्की मानत नाहीत. बबूनला एकच जिना असतो. माणसाला अनेक. कार्यालयात शेवटच्या टेबलावर बसणारा माणूस संध्याकाळी क्रिकेट संघाचा कप्तान असू शकतो. दिवसभर जावक नोंदवहीत मान घालून बसणारा रात्री वस्तीच्या अभ्यासिकेचा चिटणीस असतो आणि तेथे त्याच्या शब्दाला मान असतो. आपली मंडळे, महिला मंडळे, वाचनालये ही केवळ समाजसेवा नव्हे. ती आपल्या हृदयाचीही सेवा आहे, हे आम्हाला या पुस्तकाने पटवून दिले. बबूनमध्येसुद्धा ज्याला सोबती असतात, ज्याच्या केसांतून कोणीतरी मायेने हात फिरवते, त्याच्या रक्तात तणाव कमी आढळतो.

दुसरी गोष्ट. हल्ली 'तणावमुक्त जगा' म्हणून शिबिरे भरतात आणि सांगितले जाते, की सारे तुमच्या मनावर आहे. सापोल्स्की यांनी याला साफ विरोध केला आहे. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याला 'मन शांत ठेव' असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. कामाची हमी, वेळेवर पगार, कामाच्या ठिकाणी सन्मानाची वागणूक यासाठी संघटित होऊन झगडलेच पाहिजे. तो झगडा आरोग्याचाही झगडा आहे.

परंतु तो झगडा जिंकेपर्यंत घरातली रीत तरी आपल्या हातात आहे. ती बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. राग आला तर चार फेऱ्या मारून घरात शिरावे. काय घडले ते बायकोला सांगावे. तिचेही दिवसभराचे ऐकावे, कारण तिच्या मागेही सिंह असतातच. चाळिशी उलटली असेल तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. मुलांना जवळ घ्यावे, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवावा. त्याला पैसे पडत नाहीत.

आमच्या मुलीने शेवटी प्रकल्प केला तो याच विषयावर. पुठ्ठ्यावर एक झेब्रा काढला, एक सिंह काढला आणि शेजारी चष्मा लावलेला एक कारकून! शाळेत त्याला बक्षीस वगैरे काही मिळाले नाही. पण तो पुठ्ठा आमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेला आहे. संध्याकाळी चपला काढताना आमची नजर त्यावर जाते. कधी चेहरा उतरलेला दिसला तर ती आतूनच विचारते, "पप्पा, आज सिंह भेटला का?" आम्ही म्हणतो, "भेटला होता. पण गेला." आणि मग सगळे मिळून जेवायला बसतो.